उशाकडच्या दोन विटा

आमच्या कार्यालयात तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. पाहणीचे फॉर्म घेऊन दारोदार फिरणाऱ्या बावीस जणी होत्या. त्यांतल्या एकवीस जणी, घरातल्या माणसाने उत्तर दिलं की तिथल्या तिथे निळ्या पेनने चौकटीत खूण करून मोकळ्या होत. ही मात्र आधी सगळा फॉर्म पेन्सिलने भरायची. मग बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसायची, मांडीवर फळी ठेवून पुन्हा वाचायची आणि त्यानंतर शाईने गिरवायची. एका फॉर्मला दोनदा मेहनत. एक पेन्सिल हातात, दुसरी अंबाड्यात.

"अहो ताई, एवढी हौस कसली?" मी एकदा विचारलं. मी तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान होते, पण टेबलाच्या आतल्या बाजूला बसत होते, म्हणून ती मला बाई म्हणायची आणि मी तिला ताई.

"बाई, माणूस खुर्चीत बसून जे सांगतो ना, ते पाहुण्याला सांगितल्यासारखं असतं," ती म्हणाली. "खरं काय ते मी चपला घालायला वाकले की बाहेर येतं. 'तसं म्हटलं तर एक आहे...' झालं! शाईने लिहून बसले असते तर मग?"

आम्ही हसलो. तिचे फॉर्म नेहमी एक दिवस उशिरा यायचे, पण एकही परत जायचा नाही. तिच्या घरी आजारी आई होती, लग्न झालेलं नव्हतं. डबा ती कधी बसून खायची नाही, खिडकीशी उभी राहून रस्ता बघत खायची. "बसून खाल्लं की समोरचं दिसत नाही," म्हणायची. एकदा मला म्हणाली, "तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या साहेबांची बायको माहेरी गेलीय." मी चकित. "कोणी सांगितलं?" "कोण कशाला सांगेल? तीन दिवस शर्टाला एकच सुरकुती आहे, त्याच जागी."

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती आणि मला सातवा महिना होता.

त्या वर्षीची पाहणी कामगारांच्या तब्येतीची होती. पेन्सिलबाईच्या वाट्याला गाद्यांच्या कारखान्यामागची गल्ली आली. एकेका खोलीची एक्केचाळीस घरं, घरं कारखान्याचीच, आणि बहुतेक घरांतल्या बायका कारखान्यात कापूस पिंजायला आणि गाद्या शिवायला. फॉर्ममध्ये नववा प्रश्न होता : श्वास घेताना काही त्रास होतो का? होय किंवा नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फॉर्मांवर शाईने 'नाही' होतं. आणि समासात पेन्सिलने, दाबून लिहिलेलं काहीतरी होतं.

"ताई, हे काय लिहिलंय?"

"विटा."

"ते दिसतंय हो. पण विटांचा प्रश्न फॉर्ममध्ये कुठे आहे?"

"नाहीच ना! म्हणून तर समासात लिहिलं." ती खुर्ची ओढून बसली. बसली म्हणजे गोष्ट गंभीर होती. "एकोणतीस घरांत पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर चढवलेत. दोन-दोन विटा. पायांकडे काही नाही. बाकीच्या बारा घरांत विटा नाहीत, तेही लिहिलंय. सगळ्या म्हणतात त्रास नाही. मग एका गल्लीतल्या एकोणतीस बायकांना एकदमच उंच झोपायची हौस आली का?"

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"कशी विचारू? कारखान्याचा मुकादम माझ्याबरोबर दारोदार. म्हणे, 'बाईंना घरं सापडायला नकोत का?' त्याच्यासमोर कोण खोकेल? एक तर खोकला दाबून दाबून लालबुंद झाली आणि मला म्हणाली, 'लिहा, नाही.' मी लिहिलं. त्या म्हणाल्या तेच शाईने गिरवलंय. पण विटा मला पुसवत नाहीत. तुम्ही वर कळवा, बाई."

"बघते," मी म्हणाले.

आमच्याकडचे फॉर्म खालच्या मजल्यावरचं यंत्र वाचत असे. समासात जरा काही दिसलं की यंत्र तो फॉर्म बाहेर टाकी. असा फॉर्म आला की माझ्यासारख्या सुपरवायझरने वेगळा कागद जोडायचा, त्यावर कारण लिहायचं आणि मोठ्या साहेबांकडे पाठवायचं, अशी रीत होती. शेजारच्या टेबलावरचे साहेब तसं करत. पण वेगळा कागद जोडला की गठ्ठा अडकायचा, आणि अडकलेले गठ्ठे ज्याच्या त्याच्या नावावर लागायचे. माझ्या नावावर दहा महिन्यांत एकही नव्हता. एक्केचाळीस एकदम लागले असते, कायम व्हायच्या आधी दोन महिने.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कपाटांच्या मागे बसले आणि खोडरबराने एक्केचाळीस समास साफ केले. ती फार दाबून लिहायची. मनगट भरून आलं. शेवटच्या फॉर्मवर होते तेव्हा तीच पुढचा गठ्ठा न्यायला आत आली. मी फॉर्म पालथे घातले. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या पुढे आलेल्या पोटावर खोडरबराचा चुरा साचला होता.

"बाई, उभ्या राहा, झटकून देते," ती म्हणाली आणि तळहाताने हलकेच माझ्या पोटावरचा चुरा झटकला. "काय खोडत होता?"

"वहीत चूक झाली होती."

"हं," म्हणाली आणि गठ्ठा घेऊन गेली.

फॉर्म यंत्रातून गेले. पण दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. फॉर्म मळकट दिसत होते, काळपट डाग होते. "ही खाडाखोड कोणाची?" त्यांनी विचारलं.

मला 'माझी' म्हणता आलं असतं. एक शब्द होता. मी म्हणाले, "त्या पेन्सिलवाल्या बाईंची, साहेब. त्या बाहेर बसून फॉर्म बदलत असतात."

साहेबांनी तिच्या फाईलवर लिहिलं : निष्काळजी. यापुढे काम देऊ नये.

पुढच्या पाहणीची यादी भिंतीवर लागली तेव्हा पेन्सिलबाईने ती वरून खाली वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, फॉर्म वाचायची तशी. मग माझ्या टेबलाशी आली. "बाई, माझं नाव राहून गेलं का?"

"वरून आलंय," मी म्हणाले. आमच्या कार्यालयात याच्याइतका सोयीचा शब्द नव्हता.

मी कायम झाले. लेक झाली. पुढे बढत्या घेत घेत निवृत्तही झाले. पेन्सिलबाई आधी वृद्धाश्रमात मदतनीस झाली आणि गेली बारा वर्षं आमच्या घरापासून तिसऱ्या रस्त्यावरच्या वाचनालयात वर्तमानपत्रं लावते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बारा वर्षं लांबच्या वाचनालयात जात होते. आमचे हे विचारायचे, "जवळचं सोडून तिकडे कशाला तंगडतोड?" मी म्हणायचे, तिथे पुस्तकं चांगली आहेत.

आता लेकीचं सांगते. ती सत्तावीस वर्षांची आहे आणि समाजशास्त्रात प्रबंध लिहितेय. विषय असा की कामगारांना त्रास असतो तरी ते तक्रार का करत नाहीत. ती घरी उशिरा येते, अर्धवट जेवते, आणि दारात तिची किल्ली वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. काळजीचं माझं हे असं आहे. जी काळजी करायला हवी ती सोडून बाकी सगळ्या करते.

तिच्या अभ्यासाची जी बैठक आहे तिला चिकित्सक वास्तववाद म्हणतात. नाव ऐकून मी म्हटलं, "हे मला मराठीत सांग."

"मराठीतच आहे गं!" ती हसली. "असं बघ. आपल्याला दिसतं, ऐकू येतं, नोंदवता येतं, तो झाला सगळ्यात वरचा थर. पण कोणी बघो न बघो, घडत तर बरंच काही असतं. तो दुसरा थर. आणि त्याच्याही खाली, जे हे सगळं घडवतं किंवा घडू देत नाही ते. ते डोळ्यांना दिसत नाही. पण असतं. ड्रॉवरमधल्या सुरीला धार असते ना, कोणाचं बोट कापलं नसलं तरी?"

"म्हणजे सासू गप्प बसली याचा अर्थ रागावली नाही असा होत नाही."

"आई! अगदी हेच! आता तुझी सासू गप्प का, ते तू कशावरून ओळखायचीस?"

"भांडी कशी ठेवतायत त्यावरून."

"बस. दिसतंय ते असं दिसण्यासाठी मागे काय असायला हवं, असं उलटं विचारत जायचं. आणि आपला अंदाजही चुकू शकतो, हे धरून चालायचं. जग आपल्या अंदाजापेक्षा मोठं असतं."

मी मान डोलावली. एकोणतीस पलंग माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि मी पोळपाट-लाटणं धुवायला उठले, जे आधीच धुतलेलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिला आमच्या जुन्या कार्यालयाच्या तळघरात बसून जुने फॉर्म बघायची परवानगी मिळाली. एके दिवशी ती चमकत्या डोळ्यांनी घरी आली आणि फोनवरचे फोटो माझ्यापुढे धरले. तिने कागदावर बाजूने टॉर्च मारला होता. समासात, काही नसलेल्या जागी, पेन्सिलीच्या दाबाच्या खाचा उठल्या होत्या. नीट वाचता येत नव्हतं.

"इथे काहीतरी लिहून खोडलंय, आई. गाद्या कारखान्यामागच्या गल्लीच्या सगळ्या फॉर्मांवर! आणि त्याच गल्लीचं काय झालं माहितेय? कोणीतरी कारखान्यात धूळ ओढणारे पंखे बसवा म्हणून अर्ज केला होता. तो परत पाठवला. कारण काय, तर तुमच्या पाहणीत श्वासाच्या तक्रारी शून्य." मग तिने फोटो मोठा केला. "तपासणीचा शिक्का चार नंबरचा आहे. चार नंबर कोण होतं, आठवतं तुला?"

प्रत्येक सुपरवायझरला एक शिक्का असे. माझा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

"नाही गं," मी म्हणाले. "इतकी वर्षं झाली."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिने शिवणाचा डबा मागितला असता तर माझ्या तोंडचं पाणी पळालं असतं. तिने मागितला नाही. तिला बटण लावता येत नाही, याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तिचं लिखाण शुद्धलेखनासाठी मी वाचते. पुढच्याच आठवड्यात तिने तिसरं प्रकरण दिलं. त्यात एक वाक्य होतं : या गल्लीतील नोंदी संबंधित क्षेत्र-कार्यकर्तीने नंतर बदलल्याचे दिसते, कार्यालयानेही तिला निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी केले होते, सबब या नोंदी विश्वासार्ह मानता येत नाहीत.

म्हणजे तिची फाईलही सापडली होती. तेव्हा मी फाईलवर लिहवून घेतलं होतं, आता माझी लेक ते छापणार होती. आणि विटा दुसऱ्यांदा जाणार होत्या. मी त्या वाक्यात 'सबब'च्या पुढे स्वल्पविराम द्यावा की नाही याचा विचार केला आणि प्रकरण परत दिलं.

अकरा दिवस मी मूग गिळून बसले. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या सरांना तिसरं प्रकरण देतेय. झालं एकदाचं." चपला घालत होती. वाकलेली होती. आणि खरं माझ्या तोंडून बाहेर आलं.

"तसं म्हटलं तर एक आहे," मी म्हणाले. "चार नंबर मी होते."

ती तशीच वाकलेली राहिली. मग एक चप्पल काढली. मग दुसरी. मी सगळं सांगितलं, कपाटामागचं, पोटावरच्या चुऱ्याचं, साहेबांना सांगितलेलं. मला वाटलं ती ओरडेल. ती आत गेली, रेकॉर्डर घेऊन आली आणि एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"संमतीपत्र. सगळ्यांकडून घेते. तुझं नाव येणार नाही. वाच आणि सही कर. आणि पुन्हा पहिल्यापासून सांग."

माझ्या मुलीने मला माहिती देणारी व्यक्ती क्रमांक चौतीस केलं. दोन तास प्रश्न विचारले. एकदाही आई म्हणाली नाही.

शेवटी रेकॉर्डर बंद करून ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "गठ्ठा अडकला की नावावर लागतो. कायम व्हायचंय. यंत्राला समास चालत नाही. म्हणजे तिकडे गल्लीत मुकादम होता, आणि इकडे तुझ्या टेबलाशीही एक होताच. न दिसणारा."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी घाईघाईने म्हणाले, "तेच ना! कोणीही तेच केलं असतं."

"शेजारच्या टेबलावरचे साहेब काय करायचे म्हणालीस?"

"वेगळा कागद जोडायचे."

"त्यांनाही तेच यंत्र होतं ना?" ती म्हणाली. "रचना ढकलते, आई. पाऊल आपण टाकतो."

आई म्हणाली, पण ते ऐकून मला मान वर करता आली नाही. सुटायला दार दिसलं तर त्यातून मी केवढ्या लगबगीने निघाले होते!

परवा आम्ही दोघी वाचनालयात गेलो. आमचे हे म्हणाले, "झाकली मूठ राहू दे ना. एवढ्या वर्षांनी कोणाला आठवतंय?" लेक त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. ते वर्तमानपत्रात शिरले.

पेन्सिलबाई उतरत्या फळ्यांवर वर्तमानपत्रं चिमट्यांनी लावत होती. अंबाडा आता पांढरा, सुपारीएवढा, पण त्यात पेन्सिल होतीच.

"बाई! या या. गुडघे काय म्हणतात? डावा ना?" ती म्हणाली. मी दारातून चार पावलं चालले होते फक्त. "आणि ही तीच का, पोटातली? केवढी झाली! बस गं बाळा."

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर खुर्चीतलं उत्तर दिलं असतं. "ताई, तुमचं समासातलं मी खोडलं होतं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा खाडाखोड तुम्ही केलीत असं सांगितलं. म्हणून तुमचं काम गेलं."

तिने हातातला चिमटा उघडला, मिटला, उघडला.

"खोडलंत ते ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "चुरा मीच झटकला ना. साहेबांना सांगितलंत ते नव्हतं ठाऊक." मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी खोडलंत. वर दिसलं तर हिचं काम जाईल, म्हणून. आणि तरी कोणीतरी बघितलं असेल आणि गेलं असेल. सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आले हो, आमच्या बाईंनी पोटुशी असताना माझ्यासाठी एवढी खटपट केली."

शर्टाच्या एका सुरकुतीवरून घरचं ओळखणारी बाई. माझ्याबाबत तिने असलेल्यापेक्षा चांगलं गृहीत धरलं होतं, तेवढीच तिची चूक. मला कोणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

कोपऱ्यातल्या वाचकाने पान उलटलं. लेक खाली बघत होती.

"विटांचं पुढे काय झालं?" पेन्सिलबाईने मला नाही, तिला विचारलं.

लेकीने सांगितलं. शून्य तक्रारी, परत गेलेला अर्ज, न बसलेले पंखे.

"शून्य," पेन्सिलबाई म्हणाली. "गाद्या शिवणाऱ्या बायका, आणि आडवं पडायची चोरी. पुढे वृद्धाश्रमात, आडवं पडलं की दम लागणाऱ्या किती जणांचे पलंग मीच उशाकडून उचलले. प्रत्येक वेळी ती गल्ली आठवायची. तू लिहिणारेस का हे?"

"लिहिणार, मावशी. फक्त खाचा नीट वाचता येत नाहीत. किती घरं होती, ते—"

"एकोणतीस," ती म्हणाली. "लिहून घे. पाच नंबरच्या घरात विटा नव्हत्या, जाड पुस्तकं होती. तेही धरलंय मी त्यात."

लेकीची वही बाहेर आली. ती लिहू लागली. मी मध्येच म्हणाले, "ताई, फाईलवर ते 'निष्काळजी' आहे, ते मी अर्ज करून खोडायला लावते. उद्याच."

"खोडू नका!" ती एवढ्या जोरात म्हणाली की कोपऱ्यातल्या वाचकाने चष्मा काढला. तिने आवाज खाली आणला. "आता पुरे खोडणं. ते तसंच राहू द्या. शेजारी लिहा. काय झालं ते, तुमच्या हाताने. शाईने."

निघताना मी चपला घालत होते तेव्हा ती म्हणाली, "बाई, जवळचं वाचनालय सोडून लांब जात होतात ना? मी बघायची तुम्हाला, पिशवी घेऊन जाताना. मनात म्हणायची, तिथे पुस्तकं चांगली असतील."

पुन्हा या, असं ती म्हणाली नाही.

लेकीने ते वाक्य काढलं आहे. नवं काय लिहिलंय ते तिने मला दाखवलेलं नाही, या वेळी शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तपासून घेणार म्हणाली. माझ्याशी बोलते, जेवायला काय आहे विचारते. तिच्या खोलीतला दिवा आत्ताच बंद झाला. प्रबंधात मी चौतीस नंबर असेन आणि पेन्सिलबाई पस्तीस, संमतीपत्रावर तिने सही करून दिली आहे. पण तिच्या अंबाड्यातली पेन्सिल आकड्यात मावणार नाही, म्हणून हे एवढं लिहिलं.

तिच्या फाईलला जोडायचा अर्ज समोर आहे. कार्यालय काय म्हणेल, निवृत्त माणसालाही विचारतात का, आमच्या ह्यांना लोक काय बोलतील, सगळ्या काळज्या रांगेत उभ्या आहेत. मी आधी पेन्सिलने लिहिला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : माझ्याकडून तेव्हा चूक झाली. मग उठून दारापाशी गेले, चपलांजवळ उभी राहिले आणि तिथे उभ्याने पुन्हा वाचला. ते वाक्य तसंच ठेवलं. त्याच्या शेजारी समासात लिहिलं, मी खोटं बोलले, आणि तेवढं शाईने गिरवलं.